पिकअप गाडीचा ऑक्सिजन सेन्सर : त्याची झीज, परीक्षा व पालट

शेतांत पिकलेला माल वेळेवर व कमी खर्चांत बाजारांत पोंचविणें हें पीक काढण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे. पनवेल तालुक्यांतील भाजीपाला असो कीं दक्षिण कोंकणांतून येणारा आंबा असो, त्याचा बराचसा भाग आज लहान पिकअप गाड्यांतून फिरतो. पनवेल हें या रहदारीचें नाकेंच आहे. मुंबई-पुणें रस्ता येथून जातो, कन्याकुमारीपर्यंत पोंचणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ येथूनच सुरू होतो, आणि तुर्भ्याची घाऊक बाजारपेठ करंजाडे गांवापासून वीस-पंचवीस किलोमीटरांच्या टप्प्यांत आहे. अशा ठिकाणीं एखादी गाडी वर्षास तीस हजार किलोमीटर सहज धांवते, व पांच वर्षांत तिचा आंकडा दीड लाखावर जातो. बैलाचें वय जसें दातांवरून ओळखावें, तसें गाडीचें वय वर्षांवरून न मोजतां या आंकड्यावरून मोजावें लागतें.

एवढी धांवलेली गाडी असली म्हणजे मालक टायर, क्लच, ब्रेक व इंजिनांतील तेल यांकडे लक्ष देतो, कारण तीं बिघडलीं तर गाडी अडते. परंतु तिच्यांत एक लहानसा भाग असा आहे, कीं तो बिघडला तरी गाडी अडत नाहीं. ती चालत राहते आणि मालकाचा पैसा धुरांतून जात राहतो. हा भाग म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, अर्थात् प्राणवायु-मापक. त्याचें काम काय, तो कां झिजतो, झिजला हें कसें ओळखावें व तो कसा बदलावा, याची माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणत्या गाड्यांस हा मापक असतो

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या आजच्या सर्व लहान मालवाहू गाड्यांस, उदाहरणार्थ टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी यांच्या पेट्रोल व सीएनजी प्रकारांस, हा मापक असतो. डिझेल गाड्यांची गोष्ट निराळी आहे. ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम देशभर लागू झाले. त्यापूर्वींच्या डिझेल पिकअप गाड्यांत बहुधा असा मापक नसतो. नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराचे मापक असतात खरे. परंतु त्यांची जात, किंमत व परीक्षा वेगळी असल्यामुळें त्यांचा विचार येथें केलेला नाहीं. म्हणून ज्याची जुनी डिझेल गाडी आहे त्यास कोणी "सेन्सर बदला" असें सांगूं लागला, तर तो नेमका कोणता सेन्सर, हें आधीं विचारावें.

मापकाचें कार्य

चुलींत लांकडें फार कोंबलीं तर घर धुरानें भरतें, आणि वाराच फार लागला तर जाळ विझूं लागतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. इंजिनाचेंहि तसेंच आहे. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सीएनजीस सुमारे १७ किलो लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण दाट होतें व न जळलेलें इंधन धुरांतून बाहेर जातें. हवा अधिक झाली तर मिश्रण विरळ होतें, इंजिन झटके देतें व ओढ कमी होते.

हें प्रमाण सारखें राखण्यासाठीं धुरांत प्राणवायु किती उरला आहे, हें गाडीच्या संगणकास क्षणोक्षणीं कळलें पाहिजे. तें कळविणें हेंच या मापकाचें काम. त्याच्या टोंकांत झिर्कोनिया नांवाच्या, चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाची एक लहान टोपी असून तिला आंतून व बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा दिलेला असतो. टोपीच्या बाहेर इंजिनाचा धूर असतो व आंत मोकळी हवा असते. टोपी ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापली, कीं या दोन बाजूंच्या प्राणवायूंतील फरकानुसार तिच्यांत सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो. मिश्रण दाट असतां तो ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो, विरळ असतां ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत उतरतो. संगणक हा दाब पाहून इंधन किंचित् कमी व किंचित् अधिक करीत राहतो. तराजूचा कांटा जसा मध्याच्या दोन्ही बाजूंस हेलकावतो, तसा हा दाब ०.४५ व्होल्टच्या दोन्ही बाजूंस हेलकावत असतो. टोपी लवकर तापावी म्हणून आंत एक विजेची तार बसविलेली असते. कांहीं नव्या गाड्यांत पांच-सहा तारांचा अधिक सूक्ष्म मापक असतो. त्यास वरील आंकडे लागू पडत नाहींत.

हें साधन प्रथम १९७६ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें तयार केलें, व तें अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांस बसविण्यांत आलें. आतां तें जगांतील सर्व पेट्रोल मोटारींस असतें.

आपल्या गाडीस बहुधा असे दोन मापक असतात. पुढचा इंजिनाजवळ, धूर निघतो त्या नळीवर असतो; इंधनाचें प्रमाण मुख्यतः तोच ठरवितो. मागचा असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडे. कन्व्हर्टर म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा. त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम व र्‍होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. हा डबा आपलें काम करतो कीं नाहीं, याची राखण मागचा मापक करतो.

येथें शेतकऱ्यास जवळची अशी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२५ सालापर्यंत देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदूळ यांपासून, म्हणजे आपल्याच शेतांतील उत्पन्नापासून होतें. त्याच्या घडणींतच प्राणवायु असल्यामुळें त्यास जळण्यास हवा कमी लागते. एक किलो शुद्ध इथेनॉलास सुमारे ९ किलो, व वीस टक्के मिश्रणास सुमारे साडेतेरा किलो. हा फरक ओळखून इंधन वाढविण्याची सूचना संगणकास हाच मापक देतो. म्हणून नव्या पेट्रोलच्या काळांत तो निरोगी असणें पूर्वींपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे.

तो झिजतो कां

मापक रात्रंदिवस तापलेल्या धुरांत असतो. तेव्हां वयानुसार त्याची झीज होणें स्वाभाविक आहे. आंत तापविणारी तार असलेला मापक साधारणतः दीड लाख किलोमीटरांपर्यंत चांगलें काम देतो. तशी तार नसलेला जुन्या तऱ्हेचा मापक याच्या निम्म्यांतच थकतो. परंतु पुढील कारणांनीं तो अकालींहि मरतो.

पहिलें कारण म्हणजे इंजिन तेल खाऊं लागणें. तेलांतील फॉस्फरस व जस्त यांची राख टोंकावर बसते. दुसरें, रेडिएटरमधील कूलंट गॅस्केटमधून झिरपून इंजिनांत जळणें. तिसरें, दुरुस्तीच्या वेळीं साधें सिलिकॉन सीलंट सढळ हातानें लावणें. त्याची वाफ इंजिनांत शिरून टोंकावर पांढरा थर धरते. चौथें कारण आपल्या भागांत विशेष आढळतें. पनवेलची हवा खाडीकाठची, दमट व खारट आहे. तिनें मापकाचे आटे गंजून नळीस चिकटतात आणि तारांच्या जोडास हिरवट गंज चढतो. पांचवें, पावसाळ्यांत सखल रस्त्यावर सांचलेल्या पाण्यांतून तापलेली गाडी वेगानें नेली, तर गार पाणी लागून आंतील टोपी तडकते.

झिजल्यानें नुकसान कसें होतें

थकलेला मापक एकदम बंद पडत नाहीं. तो मंद होतो. त्याचा निरोप उशिरा पोंचतो आणि पुष्कळदां तो खरें मिश्रण असतें त्याहून विरळ दाखवितो. संगणक त्याच्यावर विश्वासून इंधन वाढवितो. इंजिन नेहमींसारखेंच चालतें; थोडी ओढ कमी वाटली तर चालक घाटाला किंवा ओझ्याला दोष देतो. गाडीच्या पाटीवरील इंजिनाचा पिवळा दिवा कित्येकदां पुष्कळ उशिरां लागतो, आणि लागला तरी "गाडी तर चालते आहे" म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतें.

याचा हिशेब प्रत्येकानें आपल्यापुरता मांडून पाहावा. समजा, गाडी वर्षांत ३०,००० किलोमीटर धांवते व किलोमागें २० किलोमीटर देते. म्हणजे वर्षास १,५०० किलो सीएनजी लागला. मापक बिघडून खर्च दहा टक्क्यांनीं वाढला, तर १५० किलो गॅस फुकट गेला. आपण ज्या दरानें गॅस भरतां, त्या दरानें या आंकड्यास गुणावें, आणि येणारी रक्कम नव्या मापकाच्या किंमतीशीं ताडून पाहावी. दलाली, हमाली व तोलाई देऊन हातीं राहणाऱ्या पैशांतूनच ही रक्कम जाते, हें विसरूं नये.

याहून मोठें नुकसान पुढेंच आहे. न जळलेलें इंधन कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, डबा प्रमाणाबाहेर तापतो व आंतील जाळी वितळून धुराची वाट बंद होते. त्या डब्यांत मौल्यवान धातु असल्यानें त्याची किंमत मापकाच्या कित्येक पट असते. शिवाय धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वाढल्यानें पीयूसीच्या परीक्षेंत गाडी नापास होते. आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें अशा प्रदूषणाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झालेली आहे. तो धूर घेणारीं माणसें आपल्याच गांवचीं व घरचीं असतात, हें तर निराळें सांगावयास नको.

परीक्षा : आधीं खात्री, मग खरेदी

मापक दोषी आहे असें ठरविण्यापूर्वीं परीक्षा करावी, यावर आमचा विशेष कटाक्ष आहे. कारण अनेक दोष असे आहेत, कीं ते दुसरीकडे असून दोषारोप मात्र मापकावर येतो.

घरची पहिली परीक्षा म्हणजे नोंदवही. प्रत्येक वेळीं टांकी भरतांना तारीख, किलोमीटरांचा आंकडा व भरलेलें इंधन लिहावें. दोन-तीन महिन्यांत गाडीची खरी सरासरी कळते. मग ओझें व रस्ता तोच असूनहि सरासरी सतत उतरूं लागली, म्हणजे चौकशीची वेळ आली असें समजावें. दुधाची नोंद ठेवणारा शेतकरी जनावराचा आजार लवकर ओळखतो, तोच न्याय येथें आहे.

दुसरी परीक्षा स्कॅनरची. पनवेलसारख्या ठिकाणीं बहुतेक चांगल्या गॅरेजांत तो असतो. तो गाडीच्या जोडास लावला असतां संगणकानें नोंदलेले दोषांक दिसतात. पी ०१३० ते पी ०१३५ हे अंक पुढच्या मापकाविषयीं, व पी ०१३६ ते पी ०१४१ हे मागच्याविषयीं असतात. त्यांपैकीं पी ०१३५ व पी ०१४१ हे तापविणाऱ्या तारेचे दोष होत. तेथें कधीं कधीं केवळ फ्यूज उडालेला किंवा जोड गंजलेला असतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण विरळ, व पी ०१७२ म्हणजे दाट. हे दोन अंक मापकाचा दोष सांगत नसून मापकानें सांगितलेली बातमी सांगतात. बातमी अशुभ आहे म्हणून पोस्टमन बदलण्यांत अर्थ नाहीं. पी ०४२० हा अंक कन्व्हर्टर थकल्याचा संशय दाखवितो. तेथेंहि नुसता मागचा मापक बदलून बहुधा कांहीं साधत नाहीं.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष दाबाची. इंजिन पुरतें तापवून सुमारे दोन हजार फेऱ्यांवर धरावें व स्कॅनरवर पुढच्या मापकाचा दाब पाहावा. निरोगी मापकाचा आंकडा दर एक-दोन सेकंदांस खालींवर होत राहतो. तो संथ हलला, मध्येंच अडकला किंवा एकाच टोंकास राहिला, तर संशय घ्यावा. याउलट मागच्या मापकाचा दाब जवळजवळ स्थिर, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास असावा. तो पुढच्यासारखा हेलकावूं लागला, तर दोष कन्व्हर्टरचा समजावा. मीटर वापरावयाचा तर तो डिजिटल असावा, व निरोपाच्या तारेस बॅटरीचा प्रवाह कधींहि लावूं नये.

मापक बदलण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहून घ्याव्या : धुराच्या नळीस मापकाच्या अलीकडे चीर किंवा सैल गॅस्केट आहे काय (तेथून बाहेरची हवा आंत ओढली जाऊन मिश्रण खोटेंच विरळ दिसतें), स्पार्क प्लग झटके देत आहेत काय, हवेचा फिल्टर तुंबला आहे काय, आणि सीएनजीचा दाब व त्याचा फिल्टर ठीक आहे काय. ज्यांनीं गाडी घेतल्यानंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलें, त्यांच्या गाडींत कांहीं वेळां संगणकास बनावट निरोप देणारें एक उपकरण जोडलेलें असतें. अशा गाडीची परीक्षा आधीं पेट्रोलवर करावी, मग गॅसवर.

बदलण्याची रीत

काम कठीण नाहीं, परंतु घाईचें नाहीं. गंजलेली गाडी असल्यास आदल्या सायंकाळीं मापकाच्या आट्यांच्या मुळाशीं गंज सोडविणारें तेल फवारून ठेवावें. दुसरे दिवशीं गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकांस ओट लावावी, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करावा व बॅटरीची ऋण तार सोडावी. नळी कोमट असावी. अगदीं गार असल्यास आटे सुटत नाहींत, फार तापलेली असल्यास हात भाजतो व आटे खरवडतात.

प्रथम तारांचा जोड सोडवावा. नंतर तार जाण्यास खांच असलेला २२ मिलिमीटरचा खास पाना लावून मापक सोडवावा. जोर एकदम न लावतां थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, पुन्हां सोडावा. साध्या पान्यानें कोपरे घासले, तर काम दुप्पट होतें. निघालेल्या मापकाचें टोंक नीट पाहावें. फिकट करडा रंग वयाची साक्ष देतो. काळी काजळी दाट मिश्रणाची, पांढरा थर सिलिकॉन किंवा कूलंटची, आणि तेलकट तपकिरी थर तेल जळत असल्याची खूण आहे. मूळ दोष दूर केल्याशिवाय नवा मापक बसविला, तर तोहि त्याच वाटेनें जाईल.

नवा मापक हातांतून पडूं देऊं नये. आंतील टोपी कांचेसारखी फुटते व बाहेरून तें कळत नाहीं. टोंकास हात, तेल किंवा ग्रीस लावूं नये. आट्यांस न चिकटण्याचा लेप बहुधा कारखान्यांतच लावलेला असतो. नसल्यास मापकासाठीं असलेला लेप फक्त आट्यांवर, अगदीं पातळ लावावा. पहिल्या फेऱ्या हातानेंच द्याव्या व मग गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मापानें आवळावें. सामान्यतः तें चार ते पांच किलोग्रॅम-मीटर असतें. तार तापलेल्या नळीपासून दूर, मूळ चिमट्यांत बसवावी. पुष्कळ मापक आंतली मोकळी हवा तारांच्या आवरणांतूनच घेतात. म्हणून जोडांत ग्रीस भरूं नये आणि तारा डाग देऊन जोडूं नयेत. शेवटीं दोषांक पुसून, ओझें घालून पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी व स्कॅनर पुन्हां लावून पाहावा.

खरेदींतील सावधगिरी

मापक घेतांना गाडीचा चेसिस क्रमांक सांगून त्याच क्रमांकाचा भाग घ्यावा. पुढचा व मागचा मापक दिसण्यांत सारखे असले तरी तारेची लांबी व जोड निराळे असूं शकतात. एकाच्या जागीं दुसरा लावूं नये. जुन्या बाजारांतील, दुसऱ्या गाडीवरून काढलेला मापक स्वस्त म्हणून घेणें हें म्हाताऱ्या बैलाच्या जागीं दुसरा म्हातारा बैल आणण्यासारखें आहे. दोन्ही मापक एकदम बदलण्याचीहि गरज नसते. मागचा कमी झिजतो. परीक्षेंत तो उतरला तर राहूं द्यावा.

दिवा विझविण्यासाठीं मापकाची तार कापणें, त्यास खोटा तुकडा लावून दूर सरकविणें किंवा कन्व्हर्टरच काढून विकणें, असे उपाय कोणी सुचवितात. त्यांनीं दिवा विझतो, दोष विझत नाहीं. शिवाय तें कायद्याविरुद्ध आहे. असा सल्ला देणाऱ्याच्या दारीं पुन्हां जाऊं नये.

सारांश, दीड लाखाच्या आसपास आलेल्या पेट्रोल वा सीएनजी गाडीच्या मालकानें या वर्षीं तीन गोष्टी कराव्या, असें आम्ही सुचवितों. आजपासून इंधनाची नोंदवही सुरू करावी. दसऱ्याच्या सुमारास, पावसाळा उलटल्यावर, स्कॅनरनें एकदां दोन्ही मापक तपासून घ्यावे. आणि पुढचा मंद आढळला तर सरासरी आणखी उतरण्याची वाट न पाहतां तो बदलावा. भाजीचा भाव आपल्या हातीं नाहीं, इंधनाचा दरहि नाहीं. परंतु भरलेलें इंधन इंजिनांत जळावें कीं धुरांतून जावें, हें पुष्कळसें आपल्या हातीं आहे.